पारावर बसलेलं संशोधन

लोक आजारी का पडतात हे डॉक्टर सांगतात. आजारी पडल्यावर ते डॉक्टरकडे का जात नाहीत, हे गावोगाव विचारत हिंडणं हा माझा धंदा. कागदावर त्याला 'सार्वजनिक आरोग्यातील सामाजिक संशोधन' म्हणतात. आमच्या गल्लीत 'सर्वे' म्हणतात. माझ्या सासुरवाडीला त्याचं नाव अजून सापडलेलं नाही.

लातूरसारख्या शहरात, जिथं बारावीच्या पोराचे आधी मार्क विचारतात आणि वेळ उरला तर नाव, तिथं डॉक्टर न होता आरोग्यात शिरणं म्हणजे मांडवाच्या मागच्या बाजूनं लग्नात घुसण्यासारखं आहे. जेवायला मिळतं, पण कोणाकडचे म्हणून विचारलं की घास अडकतो. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, मग नांदेडला आरोग्याच्या सामाजिक अभ्यासाचा कोर्स केला, आणि त्यातच पुढं पीएच.डी.ला लागलो. यथावकाश नावाआधी 'डॉ.' लागलं, तेव्हा शेजारचे काका सकाळी सकाळी जीभ बाहेर काढून दारात उभे राहिले. मी जीभ नीट पाहिली आणि विचारलं, "काका, या जिभेबद्दल घरच्या मंडळींचं मत काय आहे?" तेव्हापासून ते चौकातल्या दवाखान्यात जातात आणि माझ्याकडं बघून मान हलवतात.

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात. लोक जे बोलतात त्यावर विसंबायचं नाही. याचा धडा मला किनवटच्या एका वसतिगृहात मिळाला. मुली ओळीत बसल्या होत्या. मी विचारलं, जेवणाआधी हात कशानं धुता? सगळी ओळ एका सुरात म्हणाली, "साबणानं सर, बोटांच्या मधून, नखांच्या आतून." एकीनं तर हवेत धुऊन दाखवले. मी खूश होऊन साबण बघायला मागितला. ती म्हणाली, "सर, तो सर्वेवाले आले की देतात. आज तुम्ही न सांगता आलाव."

त्या दिवशी मी ठरवलं, यापुढं विचारायचं नाही, आपल्या डोळ्यांनी बघायचं. माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण पाय खोटं बोलणार नाहीत, असं एक वाक्यही वहीत लिहून ठेवलं. वाक्य चांगलं होतं. त्यानंच माझा घात केला.

प्रबंधासाठी मी जे गाव निवडलं त्याचं नाव सांगत नाही. नाव लपवायची आमच्यात रीत आहे. प्रबंधात त्याला 'गाव अ' म्हटलं, आणि पुढं प्रामाणिकपणे लिहिलं, की ते रेणापूर तालुक्यात आहे, वेशीबाहेर बंद पडलेली जिनिंग आहे, आणि पाराजवळच्या लिंबावर वीज पडून त्याची दोन शकलं झाली आहेत. एवढं लपवल्यावर ते फक्त तालुक्यालाच ओळखू आलं.

गावात आरोग्य उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक बाक, वजनाचा काटा आणि एक नर्स. ही नर्स म्हणजे शमीम सिस्टर. मूळची उदगीरची, शिंपीकाम करणाऱ्या घरातली, रोज रेणापूरहून स्कूटीवर येणारी. उपकेंद्राचं पुढचं दार थेट पारासमोर उघडायचं. मागचं दार शेताकडं होतं, तिथं बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

माझा प्रश्न असा होता: घरापासून इतक्या जवळ दवाखाना असून बायका तिथं का येत नाहीत?

सिस्टरला पहिल्याच दिवशी हा प्रश्न ऐकवला, तर ती म्हणाली, "येतात की सर. दुपारच्याला येतात."

मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: 'कर्मचारी वापर फुगवून सांगतात.' आणि सरळ जाऊन पारावर बसलो. तिथून दार समोर दिसत होतं. कोण आत जातं, कोण बाहेर येतं, सगळं टिपायचं. याला आमच्याकडं निरीक्षण म्हणतात. रिकामं बसण्यापेक्षा ते एवढंच वेगळं असतं, की हातात पेन असतो.

पारावर दिगंबर तात्यांचं राज्य होतं. तात्या कधी सरपंच झाले नाहीत, पण सरपंच कोण होणार हे त्यांच्या घरी ठरायचं. ते शेजारी येऊन टेकले.

"काय बघायलाव सर?"

"दवाखान्यात कोण येतं ते बघतोय."

"मंग बघा की निवांत. आमी बी बघतो. आमाला बी काय काम न्हाई."

मला वाटलं, वा, गावानं आपल्याला स्वीकारलं. स्वीकारलं की त्याची परतफेड करावी लागते, म्हणून मी फाट्यावरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा मागवला. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर भजी. घरात पोरं मोबाइलमध्ये बुडाल्यापासून या म्हाताऱ्यांना कोणी मत विचारलं नव्हतं. इथं एक शिकलेला माणूस विचारत होता आणि वर भजीही चारत होता. एरवी दुपारी ही मंडळी उठून घरी जायची, भाकरी खायची, झोपायची. माझ्यामुळं त्यांनी झोप सोडली. काहींचे डबे पारावर येऊ लागले. मी याला 'उत्कृष्ट संबंधनिर्मिती' असं नाव दिलं.

"तात्या, तुमच्या घरच्या बाया जातात का हो दवाखान्यात?"

"ह्या. आमच्यात बाया जात न्हाईत. आमची सून तर उंबरा बी वलांडत न्हाई."

आणि खरोखर, समोरच्या दारात कोणी फिरकत नव्हतं. बोटांवर मोजण्याइतक्या म्हाताऱ्या बायका, एखादं खोकणारं पोर, बस. सिस्टर दारात येऊन माझ्याकडं बघायची, काहीतरी बोलावंसं वाटल्यासारखं करायची, आणि तात्यांकडं बघून आत जायची. मी लिहिलं: 'कर्मचारी अस्वस्थ.' मग मोठ्या अक्षरात निष्कर्ष लिहिला: 'सांस्कृतिक अडथळे.' आमच्या शास्त्रात ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही तिला सांस्कृतिक म्हणायची पद्धत आहे. डॉक्टर लोक ज्याला ॲलर्जी म्हणतात, तसंच.

हा निष्कर्ष मी लातुरात एका बैठकीत मांडला. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले एक साहेब मन लावून ऐकत होते. संशोधनाच्या बैठकीत कोणी मन लावून ऐकायला लागलं की सावध व्हावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "अगदी वेळेवर बोललात. रस्त्यावरच्या एका मोठ्या गावाची मागणी आहे, नर्स आम्हाला द्या म्हणून. तुमच्या अभ्यासानं काम सोपं झालं. एकदा येऊन पाहणी करतो आणि हलवून टाकतो."

माझं संशोधन आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. मी येताना घरी बासुंदी घेऊन आलो.

दोन-चार दिवसांनी पारावरच्या भज्यांनी माझ्यावर सूड उगवला. सकाळपासून पोटात असा गोंधळ सुरू झाला की मला पार दिसेना, फक्त शेत दिसायला लागलं. शेवटी भिंत धरत उपकेंद्रात शिरलो. शमीम सिस्टरनं एका नजरेत ओळखलं, आतल्या खोलीत पडद्याआड बाकावर झोपवलं, सलाईन लावलं आणि म्हणाली, "हलू नका. बोलू तर बिलकुल नका."

दुपार झाली. मागचं दार कुरकुरलं. कोणीतरी आत आलं, मग आणखी कोणी. बांगड्या, कुजबुज, लेकराचं रडणं. पडद्याच्या फटीतून मला पाच-सहा साड्या दिसत होत्या. एक पोटुशी बाई खाली बसून पोटरीतला काटा काढत होती.

सिस्टर तिच्यावर करवादली. "सुनंदा, त्या कुपावरून येऊ नको म्हणून किती वेळा सांगू? पडलीस तर काय करू मी? बीपी बघ किती चढलंय. पाय बघ कसे सुजलेत."

"मंग कुटून येऊ सिस्टर? म्होरं आमचे मामंजी बसलेत. आदी दुपारी पार मोकळा व्हायचा. आता त्या सर्वेवाल्यानं भजी चारून म्हातारे बसवून ठिवलेत."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला दुसरा काई कामधंदा न्हाई का?"

सिस्टर शांतपणे म्हणाली, "तेच काम हाय त्याचं. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, ते शोधून राहिला."

सगळ्या जणी अशा हसल्या की सुनंदा पोट धरून भिंतीला टेकली. पडद्याआड माझी सलाईनची बाटली हलत होती. आजारी माणसाला हसू येतं की रडू, ते बाटलीला कळत नाही.

बायका गेल्यावर सिस्टरनं पडदा बाजूला केला.

"ऐकलं?"

"ऐकलं."

मग तिनं सांगितलं. गावातल्या सुनेनं थोरली माणसं पारावर असताना पायात चप्पल घालून समोरून जायचं नाही, अशी रीत. चप्पल हातात घ्यायची, पदर पुढं ओढायचा, मान खाली घालून सटकायचं. उन्हात पाय भाजले तरी. आणि बाई दवाखान्यात चालली म्हणजे का चालली, हे सासऱ्यानं बघायचं नाही. म्हाताऱ्यांनाही ते अवघड व्हायचं. म्हणून कोणी काही न बोलता गावानं तोड काढली होती: दुपारी म्हातारे जेवायला जायचे, आणि त्या वेळात पारासमोरून सगळ्या सुना चपला घालून, बोलत-हसत दवाखाना करून यायच्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणून तर ते चाललं होतं.

मी म्हणालो, "म्हणजे सुनंदा ही तात्यांची सून?"

"उंबरा न वलांडणारी, तीच."

"सिस्टर, मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. दुपारच्याला येतात म्हटलं. तुम्ही मान हलवली, मला वाटलं समजलं." ती सलाईनचा थेंब हळू करत राहिली. बदलीची कुणकुण तिला लागली होती. "माझं काय हो, मी कुठंबी सुई टोचीन. पण ही पोरगी काट्यावरून येईल, त्या रस्त्यावरच्या गावापर्यंत येणार नाही. नवरा पुण्याला. जा म्हणणारं कोणी नाही घरात. आणि हिचं बीपी एक आठवडा कोणी बघितलं नाही ना, तर मला फिकीर हाय तिची."

पोट थांबल्याबरोबर मी नांदेडला आमच्या मार्गदर्शक बाईंकडं धावलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "सुंदर. हे 'अभ्यासाच्या मर्यादा' मध्ये टाक. एक परिच्छेद पुरेल." माझी चूक एका परिच्छेदात मावते हे ऐकून क्षणभर बरंही वाटलं. पण साहेब काही परिच्छेद वाचणार नव्हते. ते पाहणीला येणार होते.

आणि अडचण तिथंच होती. साहेब येणार म्हणजे सगळे म्हातारे फेटे बांधून पारावर. साहेबांना बसवणार तेही पारावर. शाल, नारळ, भाषणं. दुपार त्यातच जाणार. समोरच्या दारात एकही सून दिसणार नाही, आणि साहेब माझाच निष्कर्ष माझ्याच जागेवर बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. बरं, तात्यांना जाऊन सांगावं, की तात्या, तुम्ही उठून जा म्हणजे तुमची सून दवाखान्यात जाईल, तर तेही करता येत नव्हतं. एकदा बोललं की तात्यांना ते माहीत आहे असं होणार, आणि माहीत आहे म्हटल्यावर त्यांना त्याबद्दल काहीतरी म्हणावं लागणार. ते काय म्हणतील याचा भरवसा नव्हता.

तेव्हा मला आमच्या धंद्यातलं सगळ्यात निरुपयोगी हत्यार आठवलं. गटचर्चा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. गटचर्चेत आठ-दहा माणसं गोल बसवतात, मध्ये रेकॉर्डर ठेवतात आणि एक प्रश्न टाकतात. पहिला माणूस जे बोलतो तेच बाकीचे आपापल्या आवाजात बोलतात. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं असं लिहितात. माहिती काही मिळत नाही, पण माणसं जागेवर बसून राहतात. मला तेवढंच हवं होतं.

पाहणीच्या दिवशी मी सकाळीच पारावर जाऊन सांगितलं, की साहेब येण्याआधी गावातल्या जाणत्या लोकांची मतं नोंदवून ठेवायची आहेत, शाळेत बसू. 'जाणत्या' म्हटल्यावर पार रिकामा झाला. तात्या गुलाबी फेटा बांधून, मांडीवर शाल आणि नारळ घेऊन पहिल्या बाकावर बसले. आपल्या हातानं साहेबांचा सत्कार करायचा म्हणून ते आठवडाभर गावाला सांगत होते.

इकडं सिस्टरचं काम ठरलं होतं. साहेब उतरले की पारावर टेकू द्यायचं नाही, आत न्यायचं. तिनं मला नंतर सांगितलं, "साहेब, एवढ्या लांबून आलाव, बीपी बघू म्हटलं. बघितलं, तर खरंच जास्ती. मग मी कशाला सोडते? पडद्याआड बाकावर आडवं केलं. हलू नका, बोलू तर बिलकुल नका." तो बाक मला चांगला ठाऊक होता.

शाळेत मी प्रश्न टाकला, "आरोग्य म्हणजे काय?"

"पोट साफ असणं," तात्या म्हणाले, आणि माझ्याकडं बघून मिशीत हसले. सगळ्यांचं एकमत झालं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. कोणीतरी ओरडलं, साहेब आले. सगळा वर्ग उठला. फेटे सरळ झाले. ही फौज आता पारावर जाऊन बसणार, आणि झालं. तात्या शाल-नारळ सावरत खिडकीपाशी गेले, गाडी कुठं थांबली ते बघायला.

खिडकीतून गल्ली दिसायची. मीही बघितलं. तीन-चार बायका पारासमोरून चालल्या होत्या, चपला पायात. सगळ्यात मागं सुनंदा, एक हात कमरेवर, हळूहळू.

तात्या बघत राहिले. पार ओलांडून ती दारात पोचेपर्यंत बघत राहिले. मग वळले, खिडकीकडं पाठ करून बाकावर बसले आणि नारळ बाकाखाली सरकवून दिला.

"बसा रे समदे," ते म्हणाले. "सरांचा आजून एक प्रश्न हाय."

"आवो तात्या, साहेब..."

"साहेबाला कळत न्हाई व्हय कुटं यायचं ते? बसा म्हनलं ना. सर, इचारा."

माझ्याजवळ प्रश्न उरला नव्हता. जे तोंडाला आलं ते विचारलं, "पूर्वीच्या काळी लोकांची तब्येत कशी असायची?"

म्हाताऱ्या माणसाला हा प्रश्न विचारू नये, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. तात्या निजामाच्या काळातल्या, वडलांकडून ऐकलेल्या पटकीपासून सुरू झाले. गावची तालीम झाली, तूप झालं, ज्वारीची चव झाली. कोणी उठायला लागलं की तात्या त्यालाच विचारायचे, "तुझ्या बापाचं दुखनं काय व्हतं रे? सांग की सरास्नी." आणि तो खाली बसायचा.

साहेब पडद्याआड अडकले होते. बायकांची एवढी गर्दी, त्यात बाहेर कसं यायचं म्हणून बिचारे शेवटपर्यंत पडून राहिले. निघताना म्हणाले, "इथली नर्स हलवता येणार नाही. आणि पथ्याचं काय सांगितलंत, पुन्हा सांगा." सत्कार झालाच नाही.

शमीम सिस्टर राहिली. म्हणूनच पुढच्या महिन्यात सुनंदाचं बीपी एकदम उसळलं ते तिला त्याच दुपारी कळलं, आणि स्वतः गाडीत बसून तिनं तिला लातूरला नेलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

माझ्या प्रबंधात यातलं काही नाही. 'सांस्कृतिक अडथळे' हे प्रकरण आहे तिथंच आहे, मागं मर्यादांचा परिच्छेदही आहे. गटचर्चेच्या टिपणात शेवटच्या प्रश्नासमोर बाईंनी लाल पेनानं लिहिलं, 'हा प्रश्न आराखड्यात नव्हता. का विचारला?' आज मी विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावात जातो. आताच्या सुना पारासमोरून स्कूटीवर जातात, हॉर्न वाजवून. तात्या आता नाहीत, पारावरची त्यांची जागा रिकामी आहे. म्हणून हे लिहिलं. विद्यार्थी टॅब हातात घेऊन विचारतात, सर, निरीक्षणाला कुठं बसायचं? शमीम सिस्टर आता निवृत्तीला आली आहे, ती आतूनच सांगते, "कुठंबी बसा, फक्त भजी मागवू नका."

सुनंदाच्या त्या मुलीच्या बारशाला तेव्हा तात्यांनी मला बोलावलं होतं. मी पोचलो तेव्हा ते मांडवाच्या तोंडाशीच उभे होते, तोच गुलाबी फेटा. मला बाजूला घेतलं, खांद्यावर शाल टाकली आणि हातात एक नारळ ठेवला.

"हे काय तात्या?"

"त्या दिसाचं हाय. द्यायचं राहिलं व्हतं."

मी नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी आटत आलं होतं, पण थोडं वाजत होतं. मला राहवलं नाही. संशोधकाची खोड. म्हणालो, "तात्या, सून उंबरा ओलांडत नाही म्हणाला होतात."

"न्हाईच वलांडत," तात्या पाळण्याकडं बघत म्हणाले. "वलांडली आसल तर मला काय म्हाईत? मी तर तुमच्या गटचर्चेत व्हतो."